बुलबुल चौधरींनंतर: बांगलादेशातील शास्त्रीय नर्तकाची वाटचाल

17 मे 1954 रोजी बुलबुल चौधरी कोलकात्यात कर्करोगाने गेले, तेव्हा त्यांनी वयाची छत्तिशीही गाठली नव्हती. पुढच्याच वर्षी ढाक्यात त्यांच्या नावाने ललितकला अकादमी सुरू झाली. ज्या घरांत नाचाचे नाव दबक्या आवाजात घेतले जाई, त्या घरांतल्या मुली तिथे चाळ बांधून उभ्या राहू लागल्या. आज बांगलादेशात कथक, भरतनाट्यम, मणिपुरी आणि ओडिसी शिकवणाऱ्या संस्था आहेत. ढाका विद्यापीठात नृत्याचा स्वतंत्र विभाग आहे, आणि मानाचे एकुशे पदक नर्तकांनाही मिळते. एवढे होऊनही एक वाद मिटलेला नाही: हे नृत्य या देशाचे म्हणायचे की शेजाऱ्याकडून आणलेले? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, पण तो मोठ्याने फारसा विचारला जात नाही. शास्त्रीय नर्तक म्हणून या देशात आयुष्य उभे करता येते का? या लेखात दोन्हींचा आढावा घ्यायचा आहे. माझा कल आधीच सांगतो. पहिल्या प्रश्नावर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या निम्मी जरी दुसऱ्यावर पडली असती, तरी पहिल्याची धार बरीच कमी झाली असती.

फाळणीपूर्वीच्या तीन वाटा

पूर्व बंगालात शास्त्रीय नृत्य तीन वाटांनी आले, आणि त्या वाटा एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत.

पहिली वाट नवाबी ढाक्याची. एकोणिसाव्या शतकात ढाक्याचे नवाब आणि जमीनदार यांच्या मैफलींत लखनौ-बनारसकडच्या बाईजी येत. काहींनी तर ढाक्यातच बस्तान बसवले होते. ठुमरीच्या जोडीला कथकचे अंग या मैफलींत असेच. 1931 मध्ये ढाक्यात ‘द लास्ट किस’ हा मूकपट तयार झाला. पडद्यावर यायला घरंदाज स्त्रिया राजी नसल्याने स्त्री भूमिकांसाठी याच वस्त्यांतल्या कलावतींना घ्यावे लागले. पुढे नवाबी ओसरली, जमीनदारी गेली आणि मैफली थांबल्या. त्यानंतर ढाक्याच्या रंगमंचावर कथक परतले ते मुख्यतः दिल्लीहून, मध्यमवर्गाला चालेल अशा रूपात. जुन्या ढाक्यातल्या बाईजींशी त्याचे नाते जोडण्याचा प्रयत्न क्वचितच झाला. मला ही या इतिहासातली सर्वात मोठी फट वाटते. ‘कथक आमचे नाही’ असे जे म्हणतात आणि ‘आमचेच आहे’ असे जे म्हणतात, ते दोघेही या बायकांना ओलांडून पुढे जातात.

दुसरी वाट सिल्हेटची. नोव्हेंबर 1919 मध्ये रवींद्रनाथ सिल्हेटला आले असताना तिथल्या माछिमपूर वस्तीत त्यांनी मणिपुरी नृत्य पाहिले. ते त्यांच्या मनात इतके भरले की शांतिनिकेतनात ते शिकवण्यासाठी त्यांनी गुरू मिळवायचा ठरवला. त्रिपुरा दरबाराच्या मदतीने आधी बुद्धिमंत सिंह आणि नंतर नवकुमार सिंह तिथे आले. 1926 मध्ये ‘नटीर पूजा’त नंदलाल बोस यांच्या मुलीने केलेले नृत्य बंगाली भद्रलोकांनी पाहिले, आणि चांगल्या घरची मुलगी रंगमंचावर नाचू शकते हे त्यांना मान्य करावे लागले. ‘चित्रांगदा’, ‘चंडालिका’ आणि ‘श्यामा’ या नृत्यनाट्यांच्या हालचालींत मणिपुरीचा वाटा मोठा आहे. म्हणजे ज्याला पुढे बंगाली संस्कृतीचे सुसंस्कृत नृत्य मानले गेले, त्याचा एक झरा आजच्या बांगलादेशाच्या ईशान्य कोपऱ्यातला आहे.

तिसरी वाट कोलकात्याच्या नव्या नृत्याची. उदय शंकर यांचे घराणे मूळचे जेसोर भागातल्या कालियाचे, अमला शंकर यांचा जन्मही जेसोरकडचा, शांती बर्धन कुमिल्लाचे आणि बुलबुल चौधरींचे मूळ गाव चट्टग्राममधले चुनती. भारतीय आधुनिक नृत्याच्या इतिहासात ही नावे अल्मोडा, मुंबई किंवा कोलकाता या गावांशी जोडून येतात. पण त्यांची मुळे पूर्व बंगालात होती, हे लक्षात ठेवले की पुढचा बराच वाद वेगळा दिसू लागतो.

बुलबुल चौधरी: वारसा कशाचा?

त्यांचे खरे नाव रशीद अहमद चौधरी. 1 जानेवारी 1919 रोजी बोगुरा इथे जन्म झाला. वडील पोलीस खात्यात होते, त्यामुळे बालपण बदलीच्या गावांत गेले. माणिकगंजच्या शाळेत असताना ते पहिल्यांदा लोकांसमोर नाचले. कोलकात्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात गेल्यावर साधना बोस यांच्याबरोबर रवींद्रनाथांच्या कच-देवयानीच्या कथेवर काम करायची संधी मिळाली. लगेच 1937 मध्ये त्यांनी ओरिएंटल फाइन आर्ट्स असोसिएशन ही संस्था काढली. कोलकाता विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली, ‘प्राची’ नावाची कादंबरी लिहिली, कथाही लिहिल्या. पत्नी अफरोझा त्यांच्याबरोबर नाचत, आणि त्यांच्या पश्चात हे काम चालू राहावे म्हणून त्या झटल्या.

बुलबुल यांच्यापुढची अडचण सांगायला सोपी होती, सोडवायला मात्र कठीण. मुसलमान प्रेक्षकाला नृत्यात आपली अशी कथा दिसत नव्हती. राधा-कृष्ण आणि शिव-पार्वती यांच्याभोवती फिरणाऱ्या आशयामुळे नाच म्हणजे हिंदूंचे देवकार्य, अशी समजूत पक्की होती. बुलबुल यांनी इराणकडे पाहिले, मुघल आणि दख्खनी इतिहासाकडे पाहिले. हाफिजचे स्वप्न, इराणमधली पांथशाळा, सोहराब-रुस्तम, अनारकली हे त्यांच्या नृत्यनाट्यांचे विषय झाले. अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी ‘चांद सुलताना’ म्हणून त्यांच्या रंगमंचावर आली. मराठी वाचकाला परिचित असलेली ही राणी ढाक्याच्या प्रेक्षकांना नृत्यातून भेटली, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. दुसरीकडे, 1943 च्या दुष्काळावर त्यांनी केलेले ‘जेनो भुले ना जाई’ आणि ‘भारत छोडो’च्या काळातले काम पाहिले की त्यांना केवळ दरबारी कथांचा कलावंत म्हणता येत नाही. फाळणीनंतर ते पूर्व पाकिस्तानात आले, पाकिस्तानच्या दोन्ही भागांत कार्यक्रम केले आणि 1953 मध्ये आपला ताफा घेऊन युरोपलाही जाऊन आले.

त्यांच्याविषयीची मते दोन टोकांची आहेत. एका मतानुसार बांगलादेशातल्या नृत्याचे जनक तेच. त्यांनी विषय बदलला, प्रेक्षक घडवला आणि त्याच भांडवलावर पुढचे सगळे उभे राहिले. दुसरे मत असे की त्यांचे काम उदय शंकर यांच्या जातकुळीतले, म्हणजे अनेक शैलींचे अंश घेऊन बेतलेले सर्जनशील नृत्य होते. एका गुरूपाशी वर्षानुवर्षे बसून घेतलेली तालीम त्यांच्यापाशी नव्हती. त्यामुळे त्यांना शास्त्रीय नृत्याचे प्रवर्तक म्हणणे म्हणजे इतिहास सोयीने लावणे आहे, असे हे लोक म्हणतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. पण बुलबुल यांच्या नावाने जे रुजले ते समूहनृत्य आणि नृत्यनाट्य, हे स्पष्ट सांगायला हवे. एकट्या नर्तकाने ताल, अभिनय आणि बंदिशीच्या जोरावर दोन तास रंगमंच तोलून धरायचा, ती परंपरा त्यांच्याकडून आली नाही. येणार तरी कशी? त्यांच्या वाट्याला आयुष्यच तोकडे आले.

अकादमीपासून विद्यापीठापर्यंत

बुलबुल ललितकला अकादमी ढाक्यातल्या वाइजघाटला सुरू झाली. तिथल्या पहिल्या पिढीत राहिजा खानम झुनू (1943–2017) होत्या. त्या विद्यार्थिनी म्हणून आल्या, पुढे तिथेच शिकवू लागल्या आणि प्राचार्यही झाल्या. त्यांना 1990 मध्ये एकुशे पदक मिळाले. त्या काळातली सर्वात गाजलेली निर्मिती जी. ए. मन्नान यांची. जसीमुद्दीन यांच्या 1929 सालच्या ‘नक्शी कांथार माठ’ या काव्यावर त्यांनी नृत्यनाट्य बसवले. शेतकरी रूपाई आणि साजू यांची ही कथा. ती पुन्हा पुन्हा रंगमंचावर येत राहिली, आणि बांगलादेशी नृत्याची ओळख सांगताना आजही तिचेच नाव आधी निघते. मन्नान यांची जडणघडण मुंबईत, शांती बर्धन यांच्या हाताखाली झाली होती. लोकजीवनातली चाल, नांगरणी आणि लाठी या हालचालींना नृत्यबंधात बसवण्याची बर्धन यांची हातोटी त्यांच्या कामात उतरलेली दिसते.

गौहर जमील यांनी 1959 मध्ये जागो आर्ट सेंटर काढले. ते आणि त्यांच्या पत्नी रोशन जमील यांनी अनेक पिढ्यांना शिकवले. पण रोशन जमील यांचे नाव काढले की बहुतेकांना आठवतो तो जहीर रैहान यांचा 1970 चा ‘जीबन थेके नेया’ हा चित्रपट, आणि त्यातली घरावर हुकूम गाजवणारी थोरली बहीण. आयुष्यभर नृत्य शिकवणारी बाई अभिनेत्री म्हणून लक्षात राहते. याकडे आपण पुढे परत येऊ.

देश स्वतंत्र झाल्यावर 1974 मध्ये शिल्पकला अकादमी स्थापन झाली. भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर दिल्ली, शांतिनिकेतन, कोलकाता, बडोदे आणि चेन्नईला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची रांग सुरू झाली, आणि नर्तकांच्या कारकिर्दीला एक ठरावीक वळण मिळाले. लहानपणी जिल्ह्याच्या गावी प्राथमिक धडे, बांगलादेशी दूरचित्रवाणीवरच्या ‘नतून कुंडी’सारख्या मुलांच्या स्पर्धेत चमकणे, मग ढाक्याची संस्था, त्यानंतर भारतात काही वर्षे, आणि परत येऊन स्वतःची शाळा. शिबली मोहम्मद आणि मुनमुन अहमद दिल्लीहून कथक शिकून आले. शर्मिला बॅनर्जी यांनी शांतिनिकेतनात मणिपुरीचे शिक्षण घेतले आणि ढाक्याच्या छायानट या संस्थेत अनेक पिढ्या घडवल्या. शिबली मोहम्मद आणि शमीम आरा निपा यांनी 2000 च्या सुमारास ‘नृत्यांचल’ उभी केली. 2014 मध्ये ढाका विद्यापीठात नृत्यकला विभाग सुरू झाला. नृत्य हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे हे मान्य व्हायला बुलबुल यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे जावी लागली.

कोणाचे नृत्य?

या वादातल्या भूमिका ढोबळमानाने तीन आहेत.

पहिली भूमिका अशी: भारताच्या संगीत नाटक अकादमीने ज्यांना शास्त्रीय म्हणून मान्यता दिली, त्याच शैली बांगलादेशातही शास्त्रीय म्हणून शिकवल्या जातात. म्हणजे मापदंडही बाहेरचा आणि गुरूही बाहेरचे. अशाने ढाका हे कायमचे शाखा-कार्यालय होते. यावरचे उत्तरही तितकेच ठाम आहे. या शैली सीमारेषांपेक्षा जुन्या आहेत आणि उपखंडाचा वारसा एका देशाच्या नावावर लावता येत नाही. या उत्तराला पुष्टी देणारी उदाहरणे आपल्याकडेही सापडतात. भरतनाट्यमचा आजचा क्रम बांधणारे तंजावरचे चार बंधू मराठा राजांच्या आश्रयाने वाढले, आणि त्या दरबारात मराठी रचनांवरही नृत्य होई. रोहिणी भाटे यांनी पुण्यात कथकचे घर बांधले, तेव्हा ते उत्तरेकडचे म्हणून कोणी परत पाठवले नाही. अर्थात एका देशाच्या आतला प्रवास आणि फाळणी ओलांडून झालेला प्रवास यांत फरक आहे, हा आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही.

दुसरी भूमिका सर्जनशील नृत्याची बाजू घेते. बुलबुल, मन्नान, गौहर जमील यांनी घडवलेली, लोकनृत्याच्या आधाराने वाढलेली रंगमंचीय भाषा हीच बांगलादेशाची खरी परंपरा. तिला शास्त्रीयतेच्या कसोटीवर उणे ठरवायचे कारण नाही, असे ही मंडळी म्हणतात. टीकाकार विचारतात, की या भाषेचे व्याकरण कुठे आहे? गाण्याच्या ओळीला हाताने चित्र काढून दाखवणे आणि सोळा जणांनी एकदम वळणे, एवढ्यावर ती किती दिवस चालेल?

तिसरी भूमिका बंगालच्या स्वतःच्या शास्त्रीय नृत्याचा शोध घेते. पहाडपूरच्या सोमपूर महाविहारातल्या मातीच्या फलकांवर नाचणाऱ्या आकृती आहेत, आणि चर्यापदे या जुन्या बौद्ध गीतांतही नृत्याचे उल्लेख आहेत. नेपाळच्या नेवार बौद्धांत चर्यानृत्य आजही जिवंत आहे. ‘साधना’ संस्थेच्या लुबना मरियम यांनी या धाग्याचा पाठपुरावा केला. पश्चिम बंगालात महुआ मुखर्जी यांनी शिल्पे, ग्रंथ आणि लोकरूपे यांच्या आधाराने ‘गौडीय नृत्य’ उभे केले, आणि बांगलादेशातल्या काही तरुण नर्तकांनी ते शिकून घेतले. यावर आक्षेप असा, की शिल्पातली स्थिर मुद्रा हालचालींची साखळी सांगत नाही, आणि मधल्या शतकांची सलग गुरुपरंपरा नसेल तर ही पुनर्रचना म्हणायची की नवनिर्मिती? समर्थक ओडिसीकडे बोट दाखवतात. आजचे तिचे रंगमंचीय रूपही 1950 च्या दशकात गुरू आणि अभ्यासकांनी बसून बांधले. पण ओडिसीपाशी महारी (मंदिरातल्या नर्तकी) आणि गोटिपुआ (स्त्रीवेशात नाचणारी मुले) या परंपरांतली जिवंत माणसे होती. हा फरक लहान नाही.

कमलगंजकडे पाहिले तर

या तिन्ही भूमिकांत एक गोष्ट कडेला पडते. मौलवीबाजार जिल्ह्यातल्या कमलगंजमध्ये कार्तिकी पौर्णिमेला महारास होतो. माधवपूरला विष्णुप्रिया मणिपुरींचा, आदमपूरला मैतेईंचा. दुपारी मुलांचा राखालनृत्याचा खेळ आणि रात्री गोपींची रासलीला पहाटेपर्यंत. कागदी नक्षीच्या मंडपात, आरशांचे तुकडे जडवलेल्या घेरदार पोशाखात मुली नाचतात. माधवपूरचा हा रास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आला आहे.

म्हणजे मान्यताप्राप्त शास्त्रीय शैलींपैकी किमान एक शैली बांगलादेशात श्रद्धेचा भाग म्हणून, समाजाच्या आधाराने जिवंत आहे. तिला उसनी कसे म्हणणार? असे असूनही ढाक्यात मणिपुरी शिकायला निघालेला विद्यार्थी बहुधा कोलकात्याकडे वळतो. तमन्ना रहमान आणि वार्दा रिहाब या आजच्या नामवंत नर्तकींवर कोलकात्याच्या कलावती देवी आणि बिंबावती देवी यांचे संस्कार आहेत. गुरू बिपिन सिंह यांनी मुंबईत झवेरी भगिनींबरोबर मणिपुरीला जी रंगमंचीय शिस्त दिली, ती या वाटेने ढाक्याला पोहोचली. या शिस्तीचे मोल मोठे आहे. तिच्यामुळे मणिपुरी एकल कलावंताच्या हाती आली. पण कमलगंजचे ओझा, म्हणजे नृत्यगुरू, आणि मृदंगवादक या साखळीत कुठे बसतात? रासाला पर्यटक म्हणून जाणे वेगळे आणि तिथल्या गुरूंना राजधानीच्या अभ्यासक्रमात शिक्षक म्हणून मान देणे वेगळे. काही मणिपुरी कार्यकर्त्यांना मंडपातला भक्तिविधी रंगमंचावर तुकड्यांत दाखवणेच खटकते, काहींना तेच आपल्या भाषेच्या आणि समाजाच्या ओळखीचे साधन वाटते. समाजातच एकमत नसताना बाहेरून निवाडा देणे बरे नाही. पण प्रश्न विचारायला हवा तो आधी त्यांना.

धर्म आणि राज्यसत्ता

नृत्याला धार्मिक विरोध आहे आणि तो जुना आहे. अनेक उलेमांच्या मते स्त्रीने परपुरुषांसमोर नाचणे निषिद्धच. त्याला उत्तर देणारे मुसलमान नर्तक सुफी परंपरेचा दाखला देतात, किंवा कला आणि श्रद्धा यांची क्षेत्रे वेगळी मानतात. मात्र सरळ ‘धर्म विरुद्ध नृत्य’ असे चित्र रंगवले तर फसगत होते. पाकिस्तानी राज्यकर्त्यांनी बुलबुल चौधरींना मरणोत्तर ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ पुरस्कार दिला, आणि त्याच राजवटीत 1967 मध्ये रवींद्रसंगीताचे प्रसारण रोखण्याची घोषणा झाली. इराणी कथेवरचे नृत्य चालत होते, रवींद्रनाथांचे सलत होते. तक्रार नाचापेक्षा बंगालीपणाची होती. 1961 च्या रवींद्र जन्मशताब्दीनंतर उभ्या राहिलेल्या छायानटमध्ये ‘श्यामा’ किंवा ‘चंडालिका’ बसवणे ही राजकीय कृतीच होती. 1971 मध्ये निर्वासित छावण्यांत फिरणाऱ्या कलापथकात लुबना मरियमही होत्या. ‘मुक्तीर गान’ या 1995 च्या माहितीपटात ते पथक दिसते.

स्वतंत्र देशातही धोका संपला नाही. 2001 च्या बंगाली नववर्षदिनी रमना उद्यानातल्या छायानटच्या कार्यक्रमात बॉम्ब फुटून दहा जणांचा बळी गेला. 2025 मध्ये प्राथमिक शाळांत संगीत शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय धार्मिक संघटनांच्या विरोधानंतर मागे घेण्यात आला. संगीताची ही गत असेल तर शाळेत नृत्य येण्याची आशा किती धरायची?

चरितार्थ आणि रियाज

आता दुसरा प्रश्न. बांगलादेशात चांगले नर्तक पुष्कळ तयार होतात. त्यांतले फार थोडे चाळिशीनंतर नर्तक म्हणून उभे असतात. चित्रपटांची नृत्ये बसवणे, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम, कंपन्यांचे समारंभ, सरकारी दिनविशेष आणि लहान मुलांचे वर्ग यांवर घर चालते. या सगळ्याला पाच-सात मिनिटांचे, झगमगीत, अनेक जणांचे नृत्य लागते. विलंबित लयीत वीस मिनिटे ठाट-आमद करणाऱ्याला बोलावणे येत नाही. रोशन जमील यांच्या पिढीतले कलावंत अभिनयाकडे वळले, त्यातही ही ओढ होतीच, असे मला वाटते.

प्रेक्षक नाही म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. 2012 ते 2017 या काळात बेंगॉल फाउंडेशनच्या शास्त्रीय संगीत महोत्सवाला ढाक्यात हजारो लोक रात्रभर बसत, आणि त्यात नृत्यही असे. मग तो महोत्सव थांबला, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसरे काही उभे राहिले नाही. साथीदारांचा प्रश्नही आहे. बोल हातात असलेला तबलजी, लेहरा धरणारा सारंगिया, नट्टुवांगम करणारा जाणकार नसेल, तर नर्तक ध्वनिमुद्रित संगीतावर नाचतो. ध्वनिमुद्रणाशी सवाल-जवाब होत नाही. उत्स्फूर्तपणा, जो कथकचा प्राण, तिथेच हरवतो.

याहून अवघड मुद्दा गुरूचा. शिष्यवृत्ती संपली की विद्यार्थी परततो, आणि तिशीच्या आत स्वतःच शिक्षक होतो. त्याच्या डोक्यावर कोणी उरत नाही. पूर्वी अधूनमधून भारतात जाऊन गुरूपुढे बसता येई. ऑगस्ट 2024 च्या सत्तापालटानंतर भारतीय व्हिसा मिळणे कठीण झाले आणि ही वाटही अरुंद झाली. काहींना वाटते की ही संधीच आहे, आता ढाक्यानेच आपले गुरू आणि आपला अभ्यासक्रम उभा करावा. दुसरे म्हणतात की तालीम तुटली तर आहे तेही विरघळेल. विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींना हा वाद पुस्तकी नाही. त्यांना शिकवण्याची नोकरी, नाचायला मंच आणि चुका दाखवणारा गुरू, तिन्ही हवी आहेत, आणि आज ढाक्यात या तिन्हींची हमी एका जागी देणारी संस्था दिसत नाही.